‘पेक्षा’ सोडलेला श्रावण

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सोलापूरच्या भवानी पेठेतल्या मठात बायकांची रांग लागली होती. महिनाभर काय सोडणार ते मठाच्या वृद्ध स्वामींसमोर, म्हणजे अज्जांसमोर सांगायचं, त्यांच्या हातून कपाळाला भस्म लावून घ्यायचं आणि बेलाचं पान पदराच्या गाठीला बांधून घरी जायचं, अशी तिथली रीत. वांगं सोडणाऱ्या पुष्कळ झाल्या. कुणी चहा सोडला, कुणी पायातली चप्पल. सूतवाल्यांच्या सुंदरम्मांनी गोड सोडलं तेव्हा मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि सुंदरम्मा मागं वळून म्हणाल्या, "हसा, हसा. नागपंचमीपर्यंत तरी टिकतंय का बघू."

मग महानंदाची पाळी आली. ती जवळच्याच मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. आवाज इतका हळू, की मागच्या बाकावरच्या मुली आपण होऊन पुढं सरकून बसायच्या. पहाटे तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घालायचं नाही, सोमवारी एकवेळ जेवायचं, सांजवात झाल्यावर कुणाला कठोर बोलायचं नाही, हे तिचे नेम लग्नाआधीपासूनचे. त्यामुळं ती आता काय सोडणार याची कुणाला फारशी उत्सुकता नव्हती. सोडायला तिच्याकडं उरलं होतं काय?

"अज्जा," ती म्हणाली, "या महिन्यात मी तुलना करणार नाही. ह्याच्यापेक्षा ते बरं, तिच्यापेक्षा ही चांगली, असलं काही माझ्या तोंडून येणार नाही."

रांगेतली कुजबुज थांबली. भस्मात बुडवलेलं बोट अज्जांनी तसंच हवेत धरलं.

"माणसांची तुलना, का वस्तूंचीपण?"

महानंदाच्या डोळ्यांसमोर खरं तर दोनच माणसं होती, तिच्या दोन मुली. पण गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून अर्धामुर्धा शब्द द्यायचा तिला धीर झाला नाही.

"सगळ्याची," ती म्हणून गेली.

"जड हाय बाई हे," अज्जा म्हणाले. "अन्न सोडलं तर पोट आठवण करून देतंय. ह्याची आठवण कोण देणार?" मग त्यांनी भस्म लावलं. "घे. शिव सांभाळील."

हे सुचायला कारण घडलं होतं आषाढात. तिचे दीर मायाप्पा होटगीला रेल्वेत होते. रविवारी ते आले, चहा झाला, आणि पाय पसरून म्हणाले, "काय वैनी, इंग्रजीच्या बाईंच्या पोरी इंग्रजी वाचत्यात का नुसत्याच भाकरी खात्यात?" थोरली शिवलीला पुस्तक घेऊन उभी राहिली. घरात तिला लीलाच म्हणायचे. ती सहावीत, आईच्याच वर्गात. शब्दाखाली बोट ठेवत ती सावकाश वाचायला लागली. एका शब्दाशी अडली. महानंदानं सवयीनं तो शब्द पुरा करून दिला. ती पुन्हा अडली, महानंदानं पुन्हा पुरा केला. तेवढ्यात धाकट्या गौरानं तिच्या हातातलं पुस्तक ओढलं आणि पानभर घडाघडा म्हणून टाकलं. मायाप्पांनी टाळ्या पिटल्या. आणि महानंदा हसून म्हणाली, "धाकटी थोरलीपेक्षा चांगलं वाचते."

आवाज तिचा नेहमीसारखाच हळू होता. लीलानं पुस्तक फळीवर नीट ठेवलं, फ्रॉक सारखा केला आणि आत जाऊन आजीला लसूण सोलून देऊ लागली.

त्या दिवसापासून लीला वाचायची बंद झाली. घरी नाही, वर्गात नाही. तिची पाळी आली की उभी राहायची, पुस्तक उघडायची आणि गप्प. रडायची नाही, रुसल्यासारखंही दिसायचं नाही. घरात 'पाणी दे', 'येते', 'नको' एवढं बोलायची. बाकी दिवसभर तोंडाला कुलूप. महानंदानं जवळ घेऊन विचारलं, तिच्या आवडीची शेंगापोळी केली, शेवटी चुकलं म्हणाली. लीलानं मान डोलावली आणि पोळी खाल्ली. आवाज काही परत आला नाही. पोरीचा आवाज परत यावा, एवढ्यासाठी महानंदानं मठात तो शब्द दिला होता.

घरी गेल्यावर सासूबाईंनी, चंद्रव्वांनी, कपाळाला हात लावला. "अगं, लोक वांगं सोडत्यात, कांदा सोडत्यात. तू पेक्षा सोडलीस व्हय? आता भाजीवालीशी कशी भांडणार?"

"नाही भांडणार, अत्ती."

"मग ती तुला जून भेंडी घालणार बघ पदरात."

तसंच झालं. भाजीवालीनं जून भेंडी घातली आणि 'कालची कोवळी होती' हे वाक्य महानंदाच्या ओठाशी येऊन मागं फिरलं. तिचा नवरा वीरभद्रप्पा मिलमधून येऊन दोन सदरे पुढं धरायचा, "बारशाला कुठला घालू?" ती म्हणायची, "हा निळा आहे. हा पांढरा आहे." तो म्हणायचा, "ते मलापण दिसतंय की गं!" गौरा तर दिवसातून कितीदा तरी गळ्यात पडून विचारायची, "अव्वा, मी छान का अक्का छान?" आणि महानंदा तिच्या केसांवरून हात फिरवायची. "तू गौरा आहेस."

"हे काय उत्तर झालं!"

पहिले काही दिवस तिला जिभेला गाठ मारल्यासारखं झालं. आपण दिवसभरात किती मापं घालतो ते तिला कधी कळलंच नव्हतं. उठल्यापासून निजेपर्यंत तिच्या हातात जणू तराजू असायचा, आणि एका पारड्यात काही पडलं की दुसरं वर जायचंच. आता तराजू खाली ठेवला तर हात रिकामे वाटायला लागले.

आणि मग एका सकाळी काहीतरी निराळं घडलं. ती ज्वारीची भाकरी तव्यावर टाकून बसली होती. भाकरीच्या कडेला वाफेचा एक फुगा उठला, हळूहळू मधे सरकला आणि सगळी भाकरी तट्ट फुगून उभी राहिली. जन्मभर पाहिलेली गोष्ट. पण कालची जास्त फुगली होती का, जाऊबाईंची पातळ होते का, हे मनात यायला त्या दिवशी वाटच नव्हती. नुसती भाकरी होती, पिठाची, पाण्याची, आत श्वास भरलेली. महानंदा हातात उलथनं धरून बघतच राहिली. डोळे भरून आले तिचे. पूजेला बसल्यावर तळहातावरच्या लिंगाकडं बघताना जे होतं, तेच चुलीसमोर होत होतं. भाकरी करपल्याचा वास चंद्रव्वांना माजघरात आला.

"उपासानं चक्कर आली व्हय गं?"

"नाही अत्ती. भाकरी बघत होते."

सासूबाईंनी करपलेली भाकरी तव्यावरून काढली. रात्री मुलाला मात्र म्हणाल्या, "तुझ्या बायकोवर जरा ध्यान ठेव."

त्यानंतर तिला असं वरचेवर होऊ लागलं. बहात्तरचा दुष्काळ सरून दुसरा श्रावण होता तो. अंगणात तांब्याभर पाणी सांडलं तरी ते वाहून कुठं जातं हे ती उभी राहून बघायची. आणि सगळ्यांत जास्त बघायची लीलाला. वाती वळताना तिची बोटं कशी चालतात, शाईचा डाग पडला की आधी ती जीभ कशी बाहेर काढते, उजव्या भुवईत एक केस कसा उलटा आहे. बारा वर्षं पोर घरात होती. गौराच्या उजेडातही नाही, सावलीतही नाही, अशी एकटी ती आता दिसत होती. महानंदाला वाटायचं, देवा, हे केवढं मोठं काम तू माझ्या घरात करून ठेवलंस, आणि मी त्याला मार्क देत बसले!

पण लीला गप्पच होती.

श्रावण निम्मा झाला आणि मुख्याध्यापक रावजीसरांनी महानंदाला बोलावून घेतलं. मोठ्या मनाचा, थट्टेखोर माणूस. टेबलावर पानाचा डबा असायचा.

"बाई, येत्या गुरुवारी तपासणीला साहेब येणार आहेत. तुमचा पाठ बघणार. तो नीट झाला की तुम्ही कायम. किती वर्षं असं तात्पुरतं राहणार?"

"कुठला पाठ, सर?"

"सहावीचा चालू भाग." सरांनी शिक्षकांची मार्गदर्शिका उघडून पुढं सरकवली.

त्या काळात इंग्रजी रचनांनी शिकवायचे. एक रचना घ्यायची, फळ्यावर लिहायची, बाईंनी आधी नमुना म्हणायचा, मग सगळ्या वर्गानं पाठोपाठ. त्या आठवड्याची रचना होती 'टु' लावलेलं क्रियापद आणि त्याच्यामागं तुलना: टु रन फास्टर दॅन, टु सिंग बेटर दॅन. पद्धतही छापलेली होती. दोन मुलींना वर्गापुढं शेजारी शेजारी उभं करायचं, एकीकडं बोट करायचं आणि म्हणायचं: मीरा वॉन्ट्स टु रन फास्टर दॅन लता. मीराला लतापेक्षा जोरात पळायचंय.

महानंदानं पुस्तक मिटलं. "सर, श्रावण संपेपर्यंत मला दुसरा भाग देता येईल?"

"का हो?"

तिनं सांगितलं. रावजीसरांनी पानाला चुना लावता लावता सगळं ऐकलं आणि ते खो खो हसले. "अहो बाई, मराठीत तुलना करू नका की! इंग्रजीत केली तर नेम कसा मोडेल? देवाला कुठं इंग्रजी येतंय?"

"देवाला येत नसेल सर. मला येतं ना."

सरांचं हसू ओसरलं. "साहेब कडक आहेत," ते म्हणाले. "भाग ठरलेला आहे, बदलता येणार नाही. बघा बाई. मी तुम्हाला नेम मोडा म्हणणार नाही, आणि पाठ मोडा असंही म्हणणार नाही."

घरी येऊन महानंदानं त्या रचनेकडं पुन्हा पुन्हा पाहिलं. वर्षानुवर्षं ती हे शिकवत आली होती. पोळी लाटावी तसं, हातानं, न बघता. आता बघितलं. मराठीत बोलायचं तर आधी दुसरं माणूस येतं. 'लतापेक्षा जोरात पळायचंय.' लता आधी येऊन दारात उभी. पळणं बिचारं सगळ्यांच्या मागं. इंग्रजीत मात्र आधी इच्छा, मग पळणं, तेही अजून पायात न आलेलं, नुसतं 'टु'च्या पदराआड असलेलं. मग ते पळणं कसं हवं ते. आणि ज्याच्याशी तुलना, ते माणूस सगळ्यांत शेवटी. तिथपर्यंत पोचायच्या आधी थांबता येत होतं. परक्या मुलखातल्या, कधी न पाहिलेल्या लोकांनी वाक्यात अशी मोकळी जागा ठेवली होती, आणि ती जागा सोलापुरातल्या एका बाईला श्रावणात सापडावी, याचं तिला इतकं नवल वाटलं, की पुस्तक मांडीवर ठेवून ती हात जोडून बसली.

दुसऱ्या दिवशी पूजेनंतर तिनं ठरवलं. आपण 'टु' म्हणायचं, क्रियापद म्हणायचं आणि गप्प बसायचं. पुढचं मुली म्हणतील. नेम तोंडाला होता; खडूही तोंडाचाच भाऊ, म्हणून फळ्यावरही पुढचं लिहायचं नाही. कानाला काही नेम नव्हता.

गुरुवारी साहेब आले. सफारीचा कोट, खिशात दोन पेनं, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण. मागच्या भिंतीला खुर्ची लावून बसले. रावजीसर दाराशी उभे राहिले. लीला तिसऱ्या बाकावर खिडकीकडेला होती, नेहमीसारखी ताठ, हात मांडीवर.

महानंदानं कुणालाच पुढं बोलावलं नाही. तिनं फळ्यावर लिहिलं, आय वॉन्ट टु. मग वर्गाकडं तोंड करून म्हणाली, "आय वॉन्ट टु सिंग…" आणि थांबली.

मुली वाट बघत राहिल्या. बाई पुढं म्हणेनात. कुणीतरी खाकरलं. मग पुढच्या बाकावरची एक चुणचुणीत पोर हळूच म्हणाली, "लाउडर… दॅन माय सिस्टर?"

महानंदानं मान डोलावली. "आय वॉन्ट टु सिंग…"

"लाउडर दॅन द भोंगा!" मागून आवाज आला आणि सगळा वर्ग हसला. गिरणीचा भोंगा गावाला पहाटे झोपेतून उपसून काढायचा. त्याच्याहून मोठ्यानं गायचं म्हणजे काय! साहेबांच्या मिशीखालीही काहीतरी हललं.

"आय वॉन्ट टु ग्रो…"

"टॉलर दॅन द नंदीध्वज!" गड्ड्याच्या जत्रेत ज्याच्या टोकाकडं बघताना मान दुखते, तो नंदीध्वज.

"आय वॉन्ट टु स्लीप…"

इथं जरा वेळ गेला. मग विणकरांच्या घरातली एक तेलुगू मुलगी उठली. तिच्या घरी माग आणि अंथरूण एकाच खोलीत. ती म्हणाली, "लाँगर दॅन द लूम."

मागाच्या आधी उठायचं नाही. माग झोपेल त्याहून जास्त झोपायचं. वर्ग हसला नाही. पुष्कळ जणींच्या घरी माग होता.

महानंदाला भीती होती की पुन्हा तेच होईल, कुणाला तरी कुणाच्या तरी शेजारी उभं करून बुटकं ठरवलं जाईल. पण मुलींनी एकमेकींकडं पाहिलंसुद्धा नव्हतं. त्या भोंग्याकडं, ध्वजाच्या टोकाकडं, मागाकडं बघत होत्या. 'टु' म्हटलं की त्यांच्यातली एकेक जण आपल्या जागेवरून उठून कुठंतरी लांब जाऊन येत होती. ह्या एवढ्याशा पोरींच्या आत एवढी लांब जायची जागा होती! आणि इतकी वर्षं तिथं आपण दोन मुली शेजारी शेजारी उभ्या करत आलो.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि ते उठले.

"मुली चांगल्या आहेत. पण बाई, तुमच्या तोंडून एकही पूर्ण वाक्य आलं नाही. आधी नमुना वाक्य शिक्षकानं द्यायचं असतं. ते कुठाय?"

दाराशी रावजीसरांनी घसा साफ केला. "साहेब, त्याचं काय आहे, बाईंचा…"

"त्यांना बोलू द्या."

"साहेब, माझा श्रावणाचा नेम आहे," महानंदा म्हणाली.

"उपास आहे का? मग बसून घ्या, बसून म्हणा."

"उपास नाही. तुलना करायची नाही असा नेम आहे. संपेपर्यंत मला पुढचं म्हणता येत नाही."

साहेबांनी तिच्याकडं नीट बघून घेतलं. त्यांना ती थट्टा वाटली असावी. मग ती नाही हे कळलं, आणि ते जास्तच बावचळले. "हे पहा बाई, नेम घरी. इथं अभ्यासक्रम आहे. मला एवढंच लिहायचंय की शिक्षिकेला रचना येते की नाही. एक वाक्य म्हणा. कुठलंही. लगेच संपलं."

एक वाक्य. मीरा वॉन्ट्स टु रन फास्टर दॅन लता. ना मीरा या वर्गात होती, ना लता. कुणालाच काही लागणार नव्हतं. समोर रावजीसर डोळ्यांनी 'म्हणा, म्हणा' म्हणत होते. महानंदानं पदर सारखा केला. तिचे ओठ उघडले, आणि काय म्हणणार हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या बाकाचा पाय फरशीवर करकरला.

लीला उभी राहिली होती.

वर्गातल्या सगळ्या मुलींनी माना वळवल्या. लीला उभी राहते आणि गप्प बसते, हे त्यांना पाठ होतं. पण आज तिला कुणी उठवलं नव्हतं.

"माय मदर," लीला म्हणाली. आवाज न वापरल्यामुळं घोगरा झाला होता. "माय मदर वॉन्ट्स टु…"

आणि अडली.

तिचं बोट बाकावर होतं, जणू तिथं शब्द लिहिलेला आहे. सवयीनं पुढचा शब्द महानंदाच्या जिभेवर आलाच. कुठलाही, काहीही, टु कुक, टु टीच, पोरीला त्या खड्ड्यातून वर काढणारा. आषाढात तिनं तसाच तो पुरा करून दिला होता. पण हे वाक्य आता साहेबांनी मागितलेल्या नमुन्याचं होतं, त्यातला एक शब्द दिला तरी पुढची तुलना तिचीच झाली असती, आणि ती तिच्या तोंडाला बंद होती. ती काही देऊ शकत नव्हती. फक्त उभी राहू शकत होती.

ती उभी राहिली. साहेबांनी घड्याळ पाहिलं, ती उभीच. गौरा असती तर एव्हाना पानभर म्हणून झालं असतं, हे तिच्या मनात आलं नाही, आणि आलं नाही हेही तिला कळलं नाही. समोर लीला होती. कपाळावर घामाचे बारीक थेंब. एक भुवई वर. हे गप्प राहणं बंद दाराचं नव्हतं. दाराआड कुणीतरी भांडी हलवत, शोधाशोध करत होतं. महानंदाला ऐकू येत होतं ते. आपल्या पोटची पोर शब्द शोधताना कशी दिसते, हे ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. आजवर तिनं ते होऊच दिलं नव्हतं.

लीलानं मान वर केली. आईकडं बघितलं. आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यात, अगदी बारीक, काहीतरी खट्याळ हललं.

"टु कीप क्वाएट," ती म्हणाली, "लाँगर दॅन मी."

माझ्या आईला माझ्यापेक्षा जास्त वेळ गप्प बसायचंय.

मग रावजीसर दारातच इतक्या जोरात हसले, की त्यांना पान सांभाळत बाहेर जावं लागलं. वर्ग फुटला. मुली बाकं बडवू लागल्या. लीलाही हसत होती. हात तोंडावर, खांदे हलताहेत. महिन्याभराचं हसू साठून राहिलेलं असावं.

"तुझी आई कोण?" साहेबांनी विचारलं.

लीलानं बोट केलं.

साहेबांनी आईकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं. "कोण जिंकलं मग?"

"त्याच," लीला म्हणाली. "मी बोलले की."

महानंदा फळ्याला टेकली होती. मूर्ती घडताना बघणाऱ्याला छिन्नी उचलायची मुभा नसावी, तसं तिला झालं होतं. तिनं काही केलं नव्हतं, तिला काही करू दिलं गेलं नव्हतं, आणि तिच्या डोळ्यांपुढं हे घडलं होतं. तिनं मनातल्या मनात ओम नमः शिवाय म्हटलं, पण तेही अर्धंच झालं.

साहेबांनी शेरा लिहिला तो रावजीसरांनी मधल्या सुट्टीत तिला दाखवला. रचना मुलींच्या तोंडी उत्तम बसली आहे; शिक्षिकेने नमुना वाक्य दिले नाही; कायम करण्याबाबत पुढील तपासणीनंतर विचार व्हावा.

"माणूस वाईट नाही," सर ओशाळून म्हणाले. "पण लिहायला लागतं त्यांना. बाई, एक वाक्य होतं हो! वाईट वाटलं का?"

महानंदानं विचार केला. तिला वाईट वाटलं होतं. उगाच नाही म्हणायचं कशाला. अजून एक वर्ष वरच्यावर लटकत राहायचं होतं, चंद्रव्वांना, मायाप्पांना सांगायचं होतं. "वाटलं सर," ती म्हणाली. "पण आज मला दुसरं काही दिसतच नाहीये."

शाळा सुटली. गौराला पोटदुखीमुळं घरी ठेवलं होतं, म्हणून त्या दोघीच निघाल्या. रस्ता मागांच्या खटखटीनं भरला होता. लीला दप्तर छातीशी धरून पुढं चालत होती. एका दुकानापाशी तिची चाल मंदावली, मान वर झाली. दुकानावर इंग्रजी पाटी होती.

"श्री… सिद्धेश्वर… क्लॉथ… स्टोअर्स," लीलानं मोठ्यानं वाचलं.

पुढची पाटी टेलरची. तीही वाचली. मग सायकलवाल्याची, मग औषधाच्या दुकानाची. सावकाश, एकेका अक्षराला हात लावल्यासारखी. येणारेजाणारे वळून बघत होते. ओटीवर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय पोरी, गाव विकत घेणार व्हय?"

"नाही अज्जा, नुसतं वाचतीय."

महानंदा मागून चालत होती. ह्या पाट्या रोज तिच्या डोक्यावरून जायच्या. आज प्रत्येक पाटीखालून जाताना तिला वाटत होतं, हे दुकान आत्ता, या आवाजानं, उघडलं.

चौकाशी नवीन पाटी लागली होती, बँकेची. मोठ्ठा शब्द, चांगला हातभर लांब. लीला थांबली. पहिली दोन अक्षरं जमली, पुढं गुंता झाला. सायकलची घंटी वाजली, मागून टांगेवाला ओरडला, "ओ अव्वा, रस्त्यात काय उभ्या राह्यलाय?"

महानंदानं लीलाचा दंड धरून तिला हळूच कडेला घेतलं. मग हात सोडला, आणि पाटीकडं न बघता लीलाच्या तोंडाकडं बघत उभी राहिली.